चार नंबरची कॉइल

आमच्या स्टाफरूममध्ये चहा व्हायला चाळीस मिनिटं लागायची आणि मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. म्हणजे दुसऱ्या तासाला कुणीतरी पळत जाऊन पाणी ठेवायचं, आणि सुट्टी झाली की सगळ्यांनी त्या भांड्याभोवती उभं राहून वाट पाहायची. मी भंडाऱ्याहून नव्यानेच आलेली गणिताची बाई. आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी ती विजेची शेगडी उचलून शिपायाच्या हातात दिली आणि म्हटलं, ही टाका भंगारात, मेली आहे ही.

"ठेवा मॅडम, ठेवा. शेगडी जिती आहे."

कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसलेले गृहस्थ बोलले होते. ते रोज तिथे झोपतात असा माझा आठ दिवसांचा समज. हेच कापगते सर, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारे. गुडघ्यावर हात ठेवून ते उठले, "चला" म्हणाले. हे "चला" ते स्वतःलाच म्हणायचे, दिवसातून पन्नास वेळा. उठताना, जिना चढताना, तासाची घंटा झाल्यावर. प्रयोगशाळेतून ते एक पाट घेऊन आले. जेवायला बसायचा लाकडी पाट, त्यावर एक व्होल्टमीटर आणि एक ॲमिटर स्क्रूने पक्का बसवलेला, कडेला प्लग लावायची सोय. पाट भिंतीच्या बोर्डाला जोडला, शेगडी पाटाला जोडली आणि मला म्हणाले, "वाचा."

मी वाचलं. एकशे पासष्ट व्होल्ट. तीन पूर्णांक एक ॲम्पिअर.

"गुना."

"पाचशे अकरा."

"तेवढे वॅट. शेगडीवर हजार छापलं आहे, ते दोनशे तीस व्होल्टले. इथं एकशे पासष्टच येऊन राहिले. व्होल्टेज पाऊण झालं त करंटही पाऊणच जाते, अन् दोघायचा गुणाकार अर्ध्यावर येते. तुमी अर्ध्या शेगडीवर चहा ठेवून राहिल्या मॅडम, अन् शिव्या पूर्ण शेगडीले देऊन राहिल्या." एवढं बोलून त्यांनी पाट काखेत मारला. जाता जाता म्हणाले, "छापलेलं नोका वाचू. मोजा."

सर आता नाहीत. गेल्या उन्हाळ्यात गेले. मी त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे याला कारण आदर वगैरे आहेच, पण खरं सांगायचं तर एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही. त्यात सरांची चूक आहे. थोडी माझीही आहे.

आमची शाळा एकोडीच्या पुढे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. एकाच प्रयोगशाळेत सरांचं आयुष्य गेलं. शिक्षक म्हणून ते फार गोड बोलायचे अशातला भाग नाही. वर्गात आवाज चढायचा नाही आणि उतरायचाही नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. डब्यात भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे, वर्षानुवर्षं तेच. आणि कुणी "खूप" हा शब्द उच्चारला की त्यांचं ठरलेलं, "खूप म्हणजे किती?" खूप ऊन आहे सर. किती? खूप ताप आहे सर, घरी जाऊ? किती? कापगते काकू एकदा मला हात जोडून म्हणाल्या, "यायच्यासमोर भाजीत मीठ कमी आहे म्हनाची सोय नाही वो मॅडम. माह्या घरचा पाटही नेला. पाव्हना आला त त्याले पोत्यावर बसवतो मी."

थकवा त्यांच्या अंगात मुरला होता. तो जन्माचा होता की नोकरीने दिलेला, मला कधी कळलं नाही. मतदार याद्या आल्या की कापगते सर. सर्वे आला की कापगते सर. निवडणूक आली की पेट्या घेऊन कापगते सर. कारण ते नाही म्हणायचे नाहीत आणि त्यांचे तक्ते कधी चुकायचे नाहीत. आठ-आठ दिवस गावोगाव फिरून यायचे, खुर्चीत बसायचे आणि डोळे मिटायचे. पण प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं की माणूस बदलायचा. तिथे त्यांना झोप आलेली मी पाहिली नाही. एक दिवस सोडून.

पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाला माणूस कमी म्हणून मला त्यांच्या मदतीला दिलं. मला सूत्रं पाठ होती. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, त्यात काय मोठं! मुलांसमोर छाप पाडायला मी शंभर वॅटचा एक बल्ब घेतला, मल्टिमीटर लावलं, रोध आला चाळीस ओहम. फळ्यावर झरझर गणित केलं आणि उत्तर आलं तेराशे बावीस वॅट! मुलं हसायला लागली. मी लाल. मीटर खराब आहे म्हणाले, बल्ब खराब आहे म्हणाले, बाकी राहिलं होतं ते फक्त माझं डोकं.

सर मागून आले. "बल्ब थंडा आहे मॅडम. पेटवा, अन् मंग इचारा त्याले." बल्ब पाटाला जोडला. दोनशे दहा व्होल्ट, शून्य पूर्णांक बेचाळीस ॲम्पिअर. पाचशे ओहम. तोच बल्ब, तीच तार, थंड असताना चाळीस आणि तापल्यावर पाचशे. मग मुलांकडे वळून म्हणाले, "मॅडमनं मुद्दाम करून दाखवलं बरं. लिवून घ्या." आणि मुलांनी खरंच लिहून घेतलं. त्या दिवसापासून मी या माणसाची झाले. वाचवलं हो मला त्यांनी.

आता जरा आपल्या सगळ्यांच्या एका जुन्या सवयीबद्दल बोलते. "रिडिंग बसवणे" हा शब्द ज्याने विज्ञान शाखेचं तोंड पाहिलं आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही. रोध मोजायला दिलेल्या तारेच्या कॉइलवर चिठ्ठी असते, पाच ओहम. मग मीटरकडे पाहायचं कशाला? दीड व्होल्ट लिहायचे, दीड भागिले पाच शून्य पूर्णांक तीस, म्हणून करंटच्या रकान्यात शून्य पूर्णांक तीस. सगळं बरोबर येतं. अगदीच बरोबर दिसू नये म्हणून मधे एखादा एकतीस घालायचा. मीही कॉलेजात हेच केलं. तुम्हीही केलं असणार, उगाच साळसूद चेहरा करू नका.

कापगते सरांकडे हे चालायचं नाही. ते वही हातात घ्यायचे आणि दोन मिनिटांत चोर पकडायचे. "आपल्या ॲमिटरच्या दोन रेघायमंदी अंतर आहे पॉइंट शून्य पाचचं. तुले पॉइंट एकतीस कोठं दिसलं बे?" पोरगं खाली मान घालायचं. सर रागवायचे नाहीत. त्याला परत उभं करायचे मीटरसमोर आणि म्हणायचे, "मले उत्तर नाही पायजे. काटा कोठं उभा आहे ते सांग. उत्तर चुकलं त मी पाहून घेईन."

पण दिवस काही असे राहिले नाहीत. वर्गात दोन तुकड्या होत्या, त्यांची एक झाली, मग एका तुकडीतलीही बाकं रिकामी दिसायला लागली. पोरं नाव कुठेतरी घालायची आणि शिकवणी लावून शहरात राहायची. पालक तोंडावर सांगायचे, "तुमच्या शाळेत प्रॅक्टिकलचे मार्क कापतेत म्हने. बाकी जागी तीसपैकी तीस देऊन राहिले, आमच्याच पोट्ट्यानं काय पाप केलं?" प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. मीही होते. प्राचार्य म्हणाले, सर, विज्ञान शाखा बंद पडली तर तुम्ही निवृत्त व्हाल, या मॅडम कुठे जातील? सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला दोन मुलं आहेत, काय करू?

तेव्हापासून ठरलं, परीक्षेत बाहेरून येणाऱ्या परीक्षकाकडे सगळ्या कॉइलच्या किमतींची यादी द्यायची. उत्तर यादीच्या जवळपास आलं की पूर्ण गुण, नाही आलं तर तीन कमी. रिडिंग कुठून आलं हे विचारायचं नाही. यादी सरांनीच करून दिली, सुवाच्य अक्षरात. त्या संध्याकाळी घराकडे निघताना मला म्हणाले, "मॅडम, मले फक्त एक पोट्टा पायजे. वर्षाले एक. काट्याकडं पाहून लिवनारा. बाकीच्यायनं काय लिवाचं ते लिवू द्या."

शेवटच्या वर्षी तो एक त्यांना मिळाला. मिळाली म्हणा. प्रणाली नाकाडे. गाव दिघोरी, पण मामाकडे एकोडीला राहून शिकणारी. फार हुशार नाही, सांगते तुम्हाला, गणितात माझा जीव खायची. पण सावकाश. मीटरवर वाकून, एक डोळा मिटून, काटा थांबेपर्यंत थांबणारी. सगळ्यांच्या वह्या भरून व्हायच्या आणि हिचं दुसरंच रिडिंग चाललेलं. तिच्या वहीत खाडाखोड असायची, उत्तरं कधी चार पूर्णांक आठ, कधी पाच पूर्णांक दोन. सर ती वही मला आणून दाखवायचे. म्हणायचे, "पाहा, किती घाण आहे." आणि चेहऱ्यावर असं सुख, जसं काही नातू झाला आहे.

मार्चच्या आधीची ती प्रात्यक्षिक परीक्षा. सर आदल्या आठवडाभर निवडणुकीच्या कामाला गेले होते आणि आदल्याच दिवशी परतले होते. बाहेरचे परीक्षक घाईत, त्यांना दुपारी दुसऱ्या केंद्रावर जायचं. सर त्यांच्या शेजारी खुर्चीत बसलेले, डोळे तांबारलेले. प्रणालीला चार नंबरची कॉइल आली. ती सगळ्यात शेवटी पेपर घेऊन आली. दीड व्होल्ट, शून्य पूर्णांक चाळीस ॲम्पिअर. उत्तर तीन पूर्णांक पंच्याहत्तर ओहम.

परीक्षकांनी यादी पाहिली. चार नंबर, पाच ओहम. "काय सर? बरीच लांब गेली की पोरगी."

सरांनी पेपर पाहिला. तिच्या आधी त्याच कॉइलवर चौघांनी प्रयोग केला होता, ते चार पेपर काढले. चौघांचंही शून्य पूर्णांक तीस, चौघांचंही पाच ओहम.

"परत घे रिडिंग," सर म्हणाले.

"तीनदा घेतलं सर. चाळीसच येऊन राहिलं."

"कनेक्शन लूज असन."

"नाही सर, कसून लावलं. तुमी येऊन पाहा ना एकडाव."

टेबल दहा पावलांवर होतं. दहाही नसेल. सरांनी गुडघ्यावर हात ठेवला, मला वाटलं आता "चला" म्हणतील. नाही म्हणाले. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. सर म्हणाले, "पोरीची चूक आहे. कापा तीन." आणि तिला, कधी नव्हे त्या आवाजात, "दोन वर्षं झाले, एक रिडिंग नाही घेता येत तुले?"

तिने मीटरकडे एकदा पाहिलं, दप्तर उचललं आणि गेली. आता माझी चूक ऐका. कनेक्शन लूज असलं तर करंट कमी दिसतो, जास्त दिसतच नाही. एवढं साधं. हे मला, गणिताच्या बाईला, कळलं. पण कळलं कधी? घरी भाकरी थापताना. दुसऱ्या दिवशी सरांना सांगावं असं मनात आलं, आणि मग वाटलं, जाऊ दे बापा, गुण तर भरून झाले, थकलेत बिचारे, कशाला. तर ते "कशाला" मला अजून टोचतं.

मे महिन्याच्या शेवटी सर निवृत्त होणार होते. प्रयोगशाळेतल्या एकेका वस्तूची नोंदवही पाहून ते मला चार्ज देत होते. प्रत्येक कॉइल पाटाला, नाही, छोट्या मीटरला जोडून पाहायचे आणि मगच सही करायचे. दरवर्षी जूनमध्ये ते सगळ्या कॉइल अशा मोजायचे. त्याआधीच्या जूनमध्ये मात्र मोजल्या नव्हत्या, मतदार याद्यांचं काम होतं. एक, दोन, तीन झाल्या. चौथी जोडली आणि ते थांबले.

"मॅडम, इकडं या. काटा वाचा."

"पॉइंट चाळीस."

"परत वाचा."

"चाळीसच आहे सर."

त्यांनी नोंदवही मागे उलटली. एका पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. कॉइल क्रमांक चार, तार जळाली, जळलेला पाव भाग कापून पुन्हा जोडली, मोजून नवी चिठ्ठी लावणे. पुढे रिकामी जागा. मोजायचं राहिलं होतं. पाव तार कमी, म्हणून पाव रोध कमी. पाचाचे पावणेचार. कॉइलवर मात्र जुनी चिठ्ठी तशीच.

त्यांनी नोंदवही मिटली. मग म्हणाले, "मंग त्या चौघायले पॉइंट तीस कोठं दिसलं?"

"बसवलं सर."

"हाव. त्यायनं बसवलं, अन् मी त्यायचंच खरं धरलं. जिनं पाहून लिवलं तिचे कापले." त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. रडत होते, लपवायची काही गरजही त्यांना वाटली नाही. मला मात्र राग आला. त्यांचा, माझा, त्या यादीचा, सगळ्या कामांचा. मी म्हटलं, सर, तुम्ही माणूस आहात. ते म्हणाले, "ती येऊन पाहा म्हनत होती मॅडम. येऊन पाहा म्हनत होती."

त्यांनी अर्ज लिहिला, चूक माझी आहे, मुलीचे तीन गुण तिला द्यावेत. प्राचार्यांनी वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला. म्हणाले, "सर, निकाल लागला, पोरगी पास झाली. जाताना कायले नसती झंझट लावून घेता?" सर सत्काराचा नारळ आणि शाल घेऊन घरी गेले. भाषणात त्यांच्याबद्दल सगळे म्हणाले की सर कधी चुकले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

सहा महिन्यांनी, धान कापणीच्या दिवसांत, त्यांचा फोन आला. "मॅडम, दिघोरीले जायचं आहे. माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गाडी चालवता येत नाही. तुमची स्कुटी आहे ना?" मी काय ते समजले. रविवारी त्यांना मागे बसवून निघाले. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत काय आहे ते विचारायची गरज नव्हती. प्राचार्यांना सांगून ती कॉइल आणि छोटं मीटर त्यांनी मागून घेतलं होतं. रस्ताभर एकदाच बोलले. "तिले दाखवतो. तिच्या हातानं मोजू देतो. माफी मांगतो. मोठा मानूस मांगते त पोरायच्या मनात राहते, का जी?"

मी म्हटलं, राहते सर.

प्रणालीच्या अंगणात धानाचे भारे लागले होते. तिची आई हातातला विळा खाली ठेवून पुढे आली. "कोन जी? अगा माय, सर! या जी, या. पोरी, सर आले तुहे!" प्रणाली धावतच बाहेर आली. लाखांदूरला बसने जाऊन बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकत होती. पाया पडली, खाट टाकली, पाणी आणलं, माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी केली. तिच्या मनात काही अढी असेल तर मला तरी दिसली नाही.

सरांनी पिशवीत हात घातला. "प्रणाली, त्या दिवशी तुयं रिडिंग बराबर होतं. कॉइल कापलेली होती. माही चूक..."

ती हसली. "जाऊ द्या ना सर! कवाची गोठ काढून राहिले तुमी. मी तर इसरूनही गेलो." आमच्याकडे मुली असंच बोलतात, गेलो, आलो. "थांबा, तुमाले माहा जर्नल दाखवतो."

तिने आतून वही आणली. कव्हर घातलेली, निळ्या शाईत, रेघा पट्टीने मारलेल्या. एकही खाडाखोड नाही. सरांनी पिशवीतला हात बाहेर काढून वही मांडीवर घेतली. पहिलं पान, दुसरं पान. सगळी उत्तरं पाच पूर्णांक शून्य, दहा पूर्णांक शून्य. ओळीने सारखी.

"मीटर कोनतं आहे तिथं?" त्यांनी विचारलं.

"मीटर कोठचं सर! आमच्या टेबलावरच्याचा काटाच हालत नाही. पन मले आता फरक नाही पडत." ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि अगदी आनंदाने, शाबासकीच्या आशेने सांगू लागली. "त्या दिवशी तुमी रागवले ना, तवापासून मी शिकलो. पहिले उत्तर पाहतो, मंग रिडिंग लिवतो. एकदाही चुकलो नाही. कॉलेजातले सर म्हनतेत, प्रॅक्टिकलमंदी तुह्यासारखी कोनी नाही. तुमच्यामुळंच झालं सर."

आई कौतुकाने बघत होती. मी सरांकडे बघायचं टाळलं, पण किती वेळ टाळणार? ते वहीचं पान हातात धरून बसले होते. उलटत नव्हते आणि ठेवतही नव्हते. मग त्यांनी वही मिटली, तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे." चहा आला तो प्यायले. तिच्या आईने आम्हाला पायलीभर नवा तांदूळ बांधून दिला. कॉइल पिशवीतच राहिली.

परत येताना तलावाच्या पाळीवर त्यांनी स्कुटी थांबवायला लावली. उतरले, पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. मी काही बोलावं म्हणून बोलले, "सर, तुम्ही सांगायचं होतं तिला. अजून सांगता येईल. लहान आहे ती."

"काय सांगू? तिचे मार्क वाढून राहिले." थोड्या वेळाने म्हणाले, "तीन मार्कायचं ओझं घेऊन आलो होतो मॅडम. ते तिनं कवाचंच टाकून देल्लं. एवढ्या वर्षांत एकीनं माहं आयकलं. अन् तिले बसवाले मीच शिकवलं."

"एकदाच चुकलात सर तुम्ही. एकदा."

"हाव," ते म्हणाले, आणि मागे बसले. मला वाटलं होतं माझ्या बोलण्याने त्यांना धीर येईल. मलाच आला नाही, तर त्यांना कुठून?

त्यांच्या दारापाशी स्कुटी थांबवली तेव्हा ऊन उतरलं होतं. काकू तांदूळ पाखडत बसल्या होत्या, सूप ठेवून उठल्या. एवढे दिवस घरात हाच विषय चालू असणार, कारण त्यांनी बाकी काही विचारलंच नाही. "भेटली का जी पोरगी? काय म्हनली?"

सर भिंतीला हात लावून चपला काढत होते. एक निघाली, दुसरीचा पट्टा अडकला. त्यांनी वर पाहिलं नाही.

"भेटली," ते म्हणाले. "हुशार झाली." आणि पट्टा सोडवून आत गेले.